राउटेनबाखचा बिशप

१२ सप्टेंबर १८९३, राउटेनबाख

म्हातारे फॉन लोझाख गेले. काल राजधानीत त्यांचं दफन झालं. दरबारच्या शिकारखान्याचे ते प्रमुख होते. माझ्या वडिलांनंतर ती जागा त्यांना मिळाली आणि तेव्हापासून ते तिला चिकटून बसले होते. फार वाईट वाटलं असं लिहायला हवं. पण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तेव्हा खरं तेच लिहितो. शवपेटी खाली उतरत होती आणि मी त्या जागेचाच विचार करत होतो. मी एकटाच नव्हतो. पलीकडच्या रांगेत काउंट हासो झेल्बिट्झ उभा होता. माझा शेजारी, एकेकाळी पलटणीत आम्ही एका खोलीत राहिलोय. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. पहिल्यापासून नाटकी.

चर्चमध्ये ड्यूक महाराजांना खोकल्याची उबळ आली. त्यांच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची चांदीची डबी असते. गोळ्या किती उरल्या ते उघडून न बघता महाराज डबी हलवून ऐकतात. खुळखुळ झालं की पुढच्या रांगा पाठ ताठ करतात, कारण गोळी तोंडात टाकल्यावर महाराज कोणाशी तरी दोन शब्द बोलतात हे सगळ्यांना माहीत आहे. काल ते माझ्याशी बोलले.

"राउटेनबाख, तुमच्या जंगलात म्हणे सोळा टोकांच्या शिंगांचं हरिण आहे."

"आहे, महाराज."

"असं? असं."

दोनदा 'असं' म्हणाले. पहिलं विचारल्यासारखं, दुसरं मनाशी काही ठरवल्यासारखं. बग्गीतून परत येताना मी मेख्टिल्डला, माझ्या बायकोला, सारखं विचारत होतो की याचा अर्थ काय असेल.

"अर्थ असा, की त्यांनी ऐकलं," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली. दरबारातलं तिला काही कळत नाही.

१६ सप्टेंबर

दरबारचे कारभारी फॉन वुल्कनिट्झ यांचं पत्र आलं. हरणांच्या माजाच्या दिवसांत, या महिन्याच्या अखेरीस, महाराज आमच्याकडे शिकारीला येणार. पत्रात जागेबद्दल अक्षर नाही. असायची गरजही नाही. लोझाखना ती जागा महाराजांना मारू दिलेल्या एका हरणावरच मिळाली होती, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

रात्रीच्या जेवणाला युटा आत्या खाली आल्या. माझ्या वडिलांची बहीण, लग्न न केलेली, वरच्या मजल्यावर राहते आणि तिथून आम्हा सगळ्यांवर नजर ठेवते. पत्र ऐकून म्हणाल्या, "वेंडेल, तू पलटणीत गेलास आणि कंटाळलास. लिस्बनच्या वकिलातीत गेलास, तिथलं ऊन तुला सोसेना. बर्लिनला सभागृहात बसलास, तिथे तुला कोणी बोलू देईना. आता हरणाच्या शिंगांना धरून वर चढणार म्हण."

"आत्या, ही जागा वडिलांची होती."

"तुझ्या बापाला घरी करमत नव्हतं म्हणून त्याने ती घेतली. तुझ्या आईला कसं करमायचं ते मी बघितलंय."

मेख्टिल्डने बटाटे पुढे केले. मी जेवलो नाही. अंगाचा तिळपापड झाला होता, पण आत्यांना उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. खरं म्हणजे त्या चुकीचं काही बोलल्या नाहीत, त्याचाच राग आला. माझं वय सेहेचाळीस. सकाळी उठून बूट चढवतो आणि मग कुठे जायचं होतं तेच आठवत नाही. अस्तबलापर्यंत जातो, परत येतो. ही जागा मिळाली की हे थांबेल. माणसाला एक खुंटी लागते.

१८ सप्टेंबर

त्या हरणाबद्दल इथे कधी लिहिलं नव्हतं, लिहून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात बर्फ इतकं पडलं की हरणं खाण्याच्या शोधात हद्द ओलांडून हासोच्या जंगलात जायला लागली. हासोच्या बंदुकीला गंज चढलाय, तो काही मारत नाही, पण हरिण तिकडचं झालं की तिकडचंच. म्हणून मी ओढ्याजवळच्या मोकळ्या जागेत चेस्टनट आणि शलगम टाकायला लागलो. सोळा टोकांचं ते हरिण लांबून बघायचं, येत नव्हतं. मग मला युक्ती सुचली. तंबाखूच्या जुन्या पत्र्याच्या डबीत ओकची वाळकी फळं घातली आणि खाणं टाकायच्या आधी ती वाजवायची. पंधरवड्यात आवाज ओळखायला लागलं. मान ताठ, पाय जपून टाकत, कोणाकडे न बघता येतं. मेख्टिल्ड म्हणाली, हा तर बिशप. तेच नाव पडलं.

वसंतात शिंगं गळली तेव्हा ती मी स्वतः उचलून आणली. आता नवीन आलीत ती त्याहून मोठी. असं हरिण या संस्थानात दुसऱ्या कोणाकडे नाही.

२३ सप्टेंबर

आज पहाटे बिशप ओरडला. खिडकीची काच थरथरली. समोरच्या टेकडीवरून एक तरणं हरिण उत्तर द्यायला लागलं होतं, ते मध्येच गप्प झालं. मी अनवाणीच बाहेर धावलो. धुक्यात तो उभा होता, माद्या त्याच्यामागे, तोंडातून वाफ. मी डबी वाजवून बघितली. त्याने ढुंकूनही बघितलं नाही. जनावर असावं तर असं. महाराज यावेत ते आत्ताच यावेत.

घर धुऊन निघतंय. मी सगळ्यांना शिकारीची बोली शिकवतोय. जनावराच्या रक्ताला शिकारी रक्त म्हणत नाहीत, घाम म्हणतात. महाराजांसमोर जो चुकेल त्याला मेलेल्या जनावरावर पालथं घालून शिकारीच्या सुऱ्याच्या सपाट पात्याने तीन फटके देतात. गंमत म्हणून देतात, पण देतात.

"म्हणजे मारायचं ते मारायचं," युटा आत्या म्हणाल्या, "आणि वर म्हणायचं त्याला घाम आला."

मेख्टिल्ड हसली. ती हल्ली माझ्या बोलण्यावर हसत नाही, आत्यांच्या बोलण्यावर हसते.

२८ सप्टेंबर

महाराजांच्या पायाच्या अंगठ्याला संधिवात झाला. बूट चढत नाही. शिकार पुढे गेली. तीन नोव्हेंबरला, संत ह्युबर्टसच्या दिवशी येऊ, असं वुल्कनिट्झ लिहितात. शिकाऱ्यांच्या संताचा दिवस, म्हणजे मान मोठाच. पण तोपर्यंत माज उतरलेला असेल आणि बिशप कुठे असेल कोण जाणे. हासोकडे राजवाड्यातून निरोप आलाय असं अस्तबलात बोलत होते. काय निरोप ते कोणाला माहीत नाही.

दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. दोनदा राजधानीला जायला निघालो आणि फाटकातून परत आलो.

९ ऑक्टोबर

माज संपला. बिशप ओळखू येत नाही. बरगड्या मोजाव्यात असा वाळलाय, मानेला एक जखम. असा दिसला तर महाराज म्हणतील, राउटेनबाख, हे काय दाखवताय. शिवाय भुकेला तो नक्की हासोकडे जाईल, तिकडे ओकची फळं ढिगाने पडलीत. म्हणून मी पुन्हा डबी काढली.

पहिल्या खुळखुळाटाला आला. मी बादली खाली ठेवायच्या आधीच त्याने तोंड घातलं. मग माझ्या हातातून खाल्लं. त्याच्या ओठांचा स्पर्श इतका मऊ असेल असं वाटलं नव्हतं. मेख्टिल्ड माझ्यासोबत आली होती. तिने त्याच्या जखमेजवळ हात नेला, तो हलला नाही. लग्न नवीन असताना ती कशी दिसायची ते मला एकदम आठवलं.

"वेंडेलिन," ती म्हणाली, "तुझ्या लक्षात येतंय ना, तू काय करतोयस ते?"

"तीन तारखेपर्यंत चांगला भरेल," मी म्हटलं.

ती घरी गेली. डोकं दुखतंय म्हणाली. हल्ली तिचं डोकं वारंवार दुखतं.

१४ ऑक्टोबर

हासो आला होता. न कळवता, चालत, चिखलाने माखलेल्या बुटांनी. काउंट आहे हे त्याच्याकडे बघून कोणाला पटणार नाही. मेख्टिल्डने त्याला कोबी आणि सॉसेज वाढलं, तो दोनदा मागून जेवला. मग मला म्हणाला, "चल, बाहेर जरा."

ओढ्याजवळ आलो. बिशप तिथेच होता. आम्हाला बघून पळाला नाही, उलट दोन पावलं पुढे आला. मग हासो बोलायला लागला.

"वेंडेल, राजवाड्यातून मला विचारलं होतं. ती जागा घ्याल का म्हणून. मी नाही म्हणून कळवलंय. माझ्या मनातही नव्हतं. तुला हवी आहे ना, घे की."

"मग इथे कशाला आलास?"

"ह्याच्यासाठी." त्याने बिशपकडे मान हलवली. "ह्याला माझ्या हद्दीत येऊ दे. महाराजांना दुसरं हरिण दाखव, चौदा टोकांचंही त्यांना पुरे. हे आता मारायचं जनावर राहिलेलं नाही, गड्या. तुला दिसत नाही का?"

मला सगळं दिसतं. जागा नको म्हणायचं आणि हरिण मागायचं. हरिण त्याच्या हद्दीत गेलं की महाराज कोणाच्या हद्दीत जातील, हे काय मला कळत नाही? मी त्याला तसं स्पष्ट म्हटलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पलटणीतही तू असाच होतास," तो म्हणाला. "बिगुल वाजायच्या आधी खोगिरावर."

ही स्तुती होती की टोमणा, अजून ठरवू शकलो नाही. हद्दीवर तारेचं कुंपण मात्र उद्याच घालून घेणार.

१९ ऑक्टोबर

हासो बोलला ते मनातून जात नाही, म्हणून आज बिशपला जरा बुजवायचं ठरवलं. जंगलाचा रखवालदार ग्रुनेर्ट याला बरोबर घेतलं. बिशप आला तसे आम्ही दोघांनी हवेत बार काढले. तो उडालाच, झुडपं मोडत गेला. मला हायसं वाटलं. अजून जंगली आहे म्हणायचा.

२० ऑक्टोबर

सकाळी ओढ्यावर आमच्या आधी हजर. ग्रुनेर्टने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला काय वाटतं ते मी विचारलं असतं, पण ऐकायची इच्छा नव्हती.

२६ ऑक्टोबर

हासोच्या हद्दीवरचं कुंपणाचं फाटक कोणीतरी रात्री उघडलं. नुसतं उघडलं नाही, दोन्ही बाजूंची तार पक्कडीने तोडून चांगली गाडी जाईल एवढी वाट केली, आणि पलीकडे सफरचंदं टाकत नेली. बिशप सकाळी पलीकडे हासोच्या ओकाखाली चरत होता. हासो इतक्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी काय, खांद्यावर हात काय.

मी हद्दीवर उभा राहून डबी वाजवली. बिशपने मान वर केली. सफरचंद सोडून आला, तुटलेल्या तारेतून, सरळ माझ्याकडे. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. आयुष्यात इतक्या लगबगीने माझ्याकडे कोणी आलेलं नाही.

घरी येऊन मेख्टिल्डला सगळं सांगितलं. ती हातमोज्यांना टाके घालत बसली होती. दोन्ही हातमोजे तळव्यावर फाटलेले, आणि बोटालाही पट्टी. गुलाबाच्या काट्यांनी, म्हणाली. या दिवसांत गुलाबाचं काय काम काढलं होतं तिने, कोण जाणे.

"तो परत आला?" तिने विचारलं.

"डबीच्या एका आवाजात."

तिने सुई खाली ठेवली आणि खूप वेळ माझ्याकडे बघितलं. तिलाही माझा अभिमान वाटला असावा. तार जोडून फाटकाला आता कुलूप घातलंय.

१ नोव्हेंबर

वुल्कनिट्झ आलेत, महाराजांच्या आधी सगळं बघायला. गोल, मऊ आवाजाचा माणूस; बोलताना समोरच्याच्या बटणाकडे बघतो. त्यांना ओढ्यावर नेलं. मी डबी घरीच ठेवली होती, मुद्दाम. बिशप तरीही आला. चांगला भरलाय, कातडी चकाकते. पन्नास पावलांवर थांबला आणि वाट बघत राहिला.

वुल्कनिट्झनी बराच वेळ चष्मा पुसला.

"बॅरनसाहेब, हा फारच... शांत स्वभावाचा दिसतो."

मला घाम फुटला. म्हटलं, आपल्याला वाटत असेल तर दुसऱ्या खोऱ्यात एक चौदा टोकांचा आहे.

"छे छे. तुम्हाला म्हणून सांगतो, महाराजांना हल्ली लांबचं दिसत नाही. गेल्या तीन शिकारींत नेम चुकला. त्यानंतर आठवडाभर राजवाड्यात कोणाची धडगत नसते. जनावर जरा जवळ आलं तर ते सगळ्यांच्याच सोयीचं." आणि माझ्या बटणाला हळूच बोट लावलं. "महाराज तुमच्याबद्दल चांगलं बोलतात."

म्हणजे जागा माझीच. हे लिहिताना आनंद व्हायला हवा. होतोय.

२ नोव्हेंबर

आज ओढ्यावर गेलो नाही. मेख्टिल्डने विचारलं, उद्या त्याला कोंडून ठेवता येणार नाही का, धान्याच्या कोठारात, एक दिवस. मी म्हटलं, आणि महाराजांना काय दाखवू? ती म्हणाली, "स्वतःला दाखव."

तिच्या बोलण्याचा मला कधी कधी अर्थच लागत नाही. पण मी कोठारापर्यंत जाऊन आलो. दार किती रुंद आहे ते बघितलं. शिंगं मावली असती.

४ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, सगळं जसं झालं तसं.

सकाळ कोरडी, वारा नाही. महाराजांना ओढ्याजवळ फरच्या फांद्यांच्या आडोशामागे खुर्ची दिली. मी त्यांच्या उजव्या हाताला, वुल्कनिट्झ आणि दरबारची मंडळी मागे. ग्रुनेर्टची माणसं टेकडीपलीकडे, हाकारा घालायला तयार. शिंग वाजलं की ती निघणार, म्हणजे हरणं पळत येतील, शिकार शिकारीसारखी होईल. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हाकाऱ्याने तरी तो बुजू दे. दुसऱ्या बाजूला निघून जाऊ दे. हो, असं म्हणत होतो. आणि त्याच वेळी म्हणत होतो, येऊ दे.

शिंग वाजायच्या आधीच महाराजांना खोकला आला. त्यांनी खिशातून डबी काढली आणि हलवली.

खुळखुळ.

माझा हात आपोआप माझ्या खिशाकडे गेला. खिशात काही नव्हतं.

समोरच्या बीचच्या झाडांतून बिशप बाहेर आला. धावत नाही, लपत नाही. मान ताठ, पाय जपून टाकत, मोकळ्या जागेच्या मधोमध. साठ पावलं, चाळीस पावलं. मागे कोणीतरी श्वास घेतला तेवढाच आवाज. महाराज डोळे बारीक करून बघत होते. त्यांना दिसेना. त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि डबी पुन्हा हलवली, सवयीने. बिशप आणखी पुढे आला. मग थांबला आणि महाराजांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघायला लागला.

मी खोकू शकलो असतो. एक फांदी मोडली असती तरी चाललं असतं. चाळीस माणसांत एकालाही शिंक आली नाही, आणि मलाही नाही.

"धीट आहे," महाराज पुटपुटले आणि बार काढला.

तो जागच्या जागी बसला, पुढचे पाय आधी. मग आडवा झाला. डोळे उघडे होते.

त्यानंतर सगळं रीतीप्रमाणे. शिंगं वाजली. ग्रुनेर्टने फरची डहाळी जखमेत बुडवून सुऱ्यावर ठेवली, मी ती महाराजांना दिली, त्यांनी टोपीत खोवली. महाराजांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "राउटेनबाख, पळाला नाही बघा. माझ्या डोळ्याला डोळा देऊन उभा राहिला. हे जुन्या रक्ताचं जनावर." मंडळींनी माना डोलावल्या. वुल्कनिट्झ माझ्या बटणाकडे बघत होते.

मी म्हणालो, "महाराज, आपल्या बाहीला रक्त लागलंय."

एकच हशा पिकला. इतरांना बोली शिकवणारा मीच चुकलो. महाराजांनी स्वतः सुरा मागवला. मला बिशपवर पालथं घातलं. तो अजून गरम होता. त्याच्या मानेवरची जुनी जखम माझ्या गालाखाली आली, ती पुरती भरली होती. तीन फटके बसले, दर फटक्याला दरबारी मंडळी मोजत होती. महाराजांच्या हातचे फटके म्हणजे कृपाच. ते मला उठवत म्हणाले, "शिकारखान्याच्या नव्या प्रमुखांनी तरी बोली सांभाळावी."

अशी मला जागा मिळाली.

संध्याकाळी ग्रुनेर्ट आला. हरिण सोलताना एक गोष्ट दिसली ती सांगू का, म्हणाला. बिशपचं पोट चेस्टनट आणि सफरचंदांनी गच्च भरलं होतं. आणखी एक घास मावला नसता. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर कोणीतरी पहाटे टोपल्याच्या टोपल्या रिकाम्या केल्या होत्या.

कोणी केलं असेल ते मला कळत नाही. मेख्टिल्डला विचारलं तर ती नुसती रडायला लागली. तिला त्या जनावराचा लळा होता, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

पण मला दुसरंच छळतंय. पोट भरलेलं होतं, तर मग तो आला कशाला?

१७ नोव्हेंबर

नेमणुकीचा हुकूम आला. हिरवा कोट, सोनेरी गोफ, राजवाड्यासमोर तीन खोल्या. मेख्टिल्ड येणार नाही. इथली बाग बघायला कोणी हवं, म्हणते. काल ताटात आलेल्या हरणाच्या मांसाला सुरी लावायच्या आधी युटा आत्या उठून वर निघून गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा टोमणा न मारता.

जाण्यापूर्वी ती पत्र्याची डबी शोधली. सापडली नाही.

२ डिसेंबर, राजधानी

युटा आत्या दंतवैद्याला दात दाखवायला इथे आल्या होत्या. घरचं विचारलं. "मेख्टिल्ड मजेत आहे," म्हणाल्या. "तिचं डोकं दुखायचं थांबलं. झेल्बिट्झ कधीमधी येतो, कोबी खातो. कुंपण त्या दोघांनी काढून टाकलं." मग माझ्या कोटाच्या गोफावरून बोट फिरवलं. "वेंडेल, आता करमतं का रे?"

करमतं म्हटलं. त्यांनी माझा गाल थोपटला, मी सहा वर्षांचा असताना थोपटायच्या तसा.

१४ डिसेंबर

काम फारसं नसतं. रोज सकाळी महाराजांच्या खोलीबाहेरच्या दालनात जाऊन बसायचं. आम्ही दहा-बारा जण असतो. वुल्कनिट्झ, राजवैद्य, दोन सेनाधिकारी, आणि एक म्हातारे संगीतकार, ज्यांना कोणी बोलावल्याचं मी बघितलेलं नाही. भिंतीवर बिशपचं डोकं लावलंय, शेकोटीच्या वर. काचेचे डोळे चांगले बसवलेत. मी त्याच्याकडे पाठ करून बसतो.

आज ठरवूनच गेलो होतो की घरी जायची परवानगी मागायची. नाताळ इथे नको. वुल्कनिट्झना तसं सांगूनही ठेवलं. ते म्हणाले, महाराजांना आज काही नको आहे, कोणालाच बोलावणार नाहीत, तुम्ही खुशाल जा. मी टोपी घेतली. बग्गी खाली उभी होती. राउटेनबाखच्या रस्त्यावर बर्फ नाही, असंही कळलं होतं. मला त्या दालनात काहीही नको होतं. भरपेट न्याहारी झाली होती, कोट मिळाला होता, जागा मिळाली होती.

दाराशी पोहोचलो, तोच आतून महाराजांचा खोकला आला, आणि मग खुळखुळ.

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले, पाठी ताठ झाल्या. पण ते सगळे माझ्या मागेच राहिले होते. मी केव्हाच दार सोडून खोलीच्या मधोमध जाऊन उभा होतो, मान ताठ, वाट बघत.